ओव्हरलँड प्रवासासाठी वाहनाची निवड

ओव्हरलँड प्रवास म्हणजे स्वतःच्या वाहनाने, मुक्कामाची व स्वयंपाकाची सामग्री सोबत घेऊन, अनेक दिवस किंवा महिने केलेला भूमार्गावरील प्रवास. या प्रवासात मुक्काम बहुधा उघड्यावर, तंबूत अथवा वाहनातच केला जातो. त्यामुळे वाहन हे एकाच वेळी कोठार, स्वयंपाकघर आणि पुष्कळदा शयनगृहही असते. शहरातील वापरासाठी गाडी निवडताना लावले जाणारे निकष येथे अपुरे पडतात. अशा प्रवासासाठी फोर-व्हील ड्राइव्ह असलेली दणकट जीप घेतली की काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात वाहनाची भार वाहण्याची क्षमता, त्याची वाटेत होऊ शकणारी दुरुस्ती आणि इंधनाचा पल्ला या तीन गोष्टींवर प्रवासाची सुरक्षितता अधिक अवलंबून असते. प्रस्तुत लेखात मुख्यतः भारतातील परिस्थितीचा, त्यातही मनाली–लेह व लडाखमधील मार्गांचा विचार केला आहे.

संज्ञा आणि पूर्वपीठिका

‘ओव्हरलँडर’ हा शब्द एकोणिसाव्या शतकातील ऑस्ट्रेलियात रूढ झाला. गुरांचे मोठमोठे कळप शेकडो किलोमीटर हाकत बाजारापर्यंत नेणाऱ्या गुराख्यांना हे नाव होते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील हॉल्स क्रीक ते विलुना हा सुमारे १,८५० किमी लांबीचा ‘कॅनिंग स्टॉक रूट’ गुरे नेण्यासाठीच विसाव्या शतकाच्या प्रारंभी आखला गेला. तोच मार्ग आज मोटारींनी करावयाच्या खडतर प्रवासासाठी प्रसिद्ध आहे.

मोटारींच्या संदर्भात या प्रवासाला चालना मिळाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धासाठी बनलेल्या विलिस जीपने चारही चाकांना शक्ती देणारे हलके वाहन जगभर पोहोचवले. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये लँड रोव्हर आणि १९५१ मध्ये जपानमध्ये टोयोटाची पुढे ‘लँड क्रूझर’ म्हणून ओळखली गेलेली गाडी तयार झाली. १९५० पासून जर्मनीतील फोक्सवॅगनची चौकोनी व्हॅन उपलब्ध झाली. तिच्यात फोर-व्हील ड्राइव्ह नव्हते, परंतु आत झोपता येत होते. ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांतील सहा तरुणांनी १९५५–५६ मध्ये दोन लँड रोव्हर गाड्यांतून लंडन ते सिंगापूर हा प्रवास पूर्ण केला. त्या प्रवासावरील टिम स्लेसर यांचे ‘फर्स्ट ओव्हरलँड’ हे पुस्तक या क्षेत्रातील आद्य ग्रंथांपैकी एक मानले जाते. पुढे १९६० व १९७० च्या दशकांत युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर या मार्गाने हजारो तरुण भारत व नेपाळमध्ये आले. गोवा हा त्यांच्या प्रमुख थांब्यांपैकी एक होता. त्यांतील अनेकांची वाहने जुन्या व्हॅन व निवृत्त बसगाड्या होत्या, ही बाब वाहननिवडीच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९७९ मधील इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांमुळे तो मार्ग बंद पडला.

भारतात महिंद्र कंपनीने १९४७ च्या सुमारास मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. आज या प्रवासासाठी पसंत केली जाणारी ‘थार’ ही त्याच परंपरेतील गाडी असून तिचे उत्पादन नाशिक येथे होते. मारुतीची ‘जिप्सी’ ही १९८५ साली आलेली गाडी सैन्यदलांमुळे हिमालयात सर्वत्र पोहोचली. पुण्याच्या फोर्स मोटर्सची (पूर्वीची बजाज टेम्पो) ‘गुरखा’ ही या वर्गातील आणखी एक गाडी.

भारक्षमता

वाहन निवडताना पहिला प्रश्न वजनाचा विचारावा. उत्पादक प्रत्येक वाहनाचे कमाल अनुज्ञेय एकूण वजन ठरवून देतो. त्यातून वाहनाचे स्वतःचे वजन (तेल, पाणी व इंधन धरून) वजा केले असता जे उरते ती भारक्षमता. माणसे, सामान, पिण्याचे पाणी, नंतर बसवलेला प्रत्येक लोखंडी भाग, टपावरील कॅरिअर, जादा बॅटरी हे सर्व तिच्यात बसले पाहिजे. नोंदणी प्रमाणपत्रावर दोन्ही आकडे बहुधा असतात. ते वाचणारे ग्राहक मात्र थोडे.

उदाहरणादाखल मारुतीच्या पाच दरवाजांच्या ‘जिम्नी’चा हिशेब पाहता येईल. तिचे स्वतःचे वजन सुमारे १,२०० किलो आणि अनुज्ञेय एकूण वजन १,५४५ किलो आहे. म्हणजे भारक्षमता सुमारे ३४५ किलो. सरासरी ७० किलो वजनाची चार माणसे बसली की २८० किलो खर्ची पडतात आणि सामानासाठी केवळ ६५ किलो राहतात. एवढ्यात चौघांचा मुक्कामी प्रवास अशक्यप्राय आहे. दोघेच निघाले तर २०५ किलो उरतात. त्यांतून टपावरचा तंबू ६० किलो, कॅरिअर २५, पाणी ४० लिटर म्हणजे ४०, शिधा व स्वयंपाकाची भांडी ३०, हत्यारे, हवेचा पंप व दोरखंड २५, कपडे व अंथरूण-पांघरूण २५ आणि इंधनाचा एक डबा १८ किलो धरला, तर बेरीज २२३ किलो होते. कोणतीही चैनीची वस्तू न घेता मर्यादा १८ किलोंनी ओलांडली गेली. उपाय साधा आहे: टपावरच्या तंबूऐवजी सात-आठ किलोंचा जमिनीवरचा तंबू घ्यावा, कॅरिअरचीही गरज मग राहत नाही. हलकी गाडी वाळूत व चिखलात सहज चालते, हा तिचा मोठा गुण आहे. तो गुण टिकवायचा तर सामानही हलकेच हवे.

अतिभाराचे परिणाम लगेच दिसत नाहीत. गाडी चालत राहते, मात्र ब्रेक लागण्यास अधिक अंतर लागते, टायर तापतात, स्प्रिंगचे पाटे बसतात. मोठ्या उतारावर ब्रेक तापून निकामी होणे आणि खडबडीत रस्त्यावर पाटा, शॉकॲब्सॉर्बरची बैठक किंवा अ‍ॅक्सल तुटणे हे त्याचे नेहमीचे शेवट होत. सपाट मुलखात ही गैरसोय असते. घाटात ती जिवावर बेतते.

ज्यांना अधिक सामान नेणे भाग आहे त्यांनी मोठ्या चाकांपेक्षा मोठ्या भारक्षमतेचे वाहन घ्यावे. या कसोटीवर पिकअप प्रकारची वाहने सरस ठरतात, कारण ती मुळातच हौद्यात ओझे वाहण्यासाठी बांधलेली असतात. आकाराने मोठी आणि किमतीने महाग एसयूव्ही अधिक भार वाहीलच असे नाही. तिच्या स्वतःच्या वजनातच बरीच मर्यादा संपलेली असते.

टपावरील भार

एकूण वजन मर्यादेत असले तरी ते कोठे ठेवले आहे याला तितकेच महत्त्व आहे. उंच गाडीच्या टपावर ठेवलेला प्रत्येक किलो तिचा गुरुत्वमध्य वर नेतो आणि वळणावर किंवा आडव्या उतारावर ती कलंडण्याची शक्यता वाढवतो. म्हणून उत्पादक टपासाठी स्वतंत्र मर्यादा देतात. अनेक गाड्यांत ती ५० ते १०० किलोंच्या दरम्यान, काहींत त्याहूनही कमी असते. तंबू व कॅरिअर मिळूनच ती संपते. ही मर्यादा गाडी चालत असतानाची असते. उभ्या गाडीचा टप याहून बराच अधिक भार पेलतो, म्हणूनच वरच्या तंबूत दोन माणसे झोपू शकतात. या दोन गोष्टींची गल्लत करून विक्रेते कधी कधी ग्राहकाला निर्धास्त करतात. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतील आकडा हाच प्रमाण मानावा.

पाण्याचे डबे, बॅटरी व हत्यारे ही जड सामग्री नेहमी तळाशी, दोन्ही अ‍ॅक्सलांच्या मध्ये ठेवावी. टपावर अंथरुणे, ताडपत्री असे हलके जिन्नस चालतात. इंधनाचा डबा टपावर ठेवण्याची पद्धत छायाचित्रांत शोभून दिसते, इतकेच.

चालनव्यवस्था, उंची आणि टायर

वळण घेताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते. त्यासाठी दोन चाकांच्या मध्ये डिफरेन्शियल नावाची दंतचक्रांची जोडणी असते. तिचा दोष असा की ज्या चाकाला विरोध कमी, त्याच्याकडे ती फिरण्याची गती जाऊ देते. एक चाक चिखलात अधांतरी फिरू लागले की टणक जमिनीवरचे दुसरे चाक स्वस्थ उभे राहते. फोर-व्हील ड्राइव्ह असूनही समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन चाके उचलली गेली तर गाडी जागची हलत नाही, याचे कारण हेच. यावर उपाय म्हणजे डिफरेन्शियल लॉक; तो लावला असता दोन्ही चाके एकत्रच फिरतात. ‘गुरखा’त पुढे व मागे असे दोन्ही लॉक मिळतात. काही गाड्यांत त्याऐवजी फिरत्या चाकाला ब्रेक लावून हे काम साधले जाते.

फोर-व्हील ड्राइव्हइतकीच उपयुक्त परंतु कमी चर्चिली जाणारी सोय म्हणजे लो-रेंज गिअर. त्याने वेग घटून चाकांना मिळणारे बळ वाढते. चढावर क्लच जळत नाही आणि उतारावर ब्रेकला हात न लावता गाडी संथपणे उतरते. भार लादलेल्या गाडीसाठी ही सोय मोलाची आहे. अर्थात डांबरी रस्ता आणि बऱ्यापैकी कच्चा रस्ता यांवरच प्रवास असेल तर जमिनीपासून सुमारे २०० मिमी उंची असलेली साधी दुचाकचालित गाडीही पुरेशी होते. मनाली–लेह, श्रीनगर–लेह हे मार्ग उन्हाळ्यात अशा असंख्य गाड्या पार करतात. टपालखात्याच्या आणि किराण्याच्या गाड्या तेथे रोजच जातात, याचा विसर पडू नये.

टायरची निवड प्रदेशानुसार करावी. खडकाळ हिमालयी रस्त्यांवर जाड कडांचे ऑल-टेरेन टायर दगडाच्या धारेपासून वाचतात. दख्खनच्या काळ्या मातीत पावसाळ्यात याच टायरांच्या खाचा चिखलाने भरून ते गुळगुळीत होतात. चाक व मडगार्ड यांमध्ये माती गच्च बसून चाक फिरेनासे होते. अशा जमिनीत दोन दिवस थांबणे हाच शहाणपणाचा मार्ग. वाळूत टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवावी लागते, म्हणजे टायरचा जमिनीशी स्पर्श वाढून गाडी रुतत नाही. पुन्हा हवा भरण्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप सोबत हवा. मूळ मापाची स्टेपनी असणे ही अटच समजावी. अलीकडे बऱ्याच गाड्यांत लहान मापाची तात्पुरती स्टेपनी देतात, ती या कामाची नाही.

समुद्रकिनाऱ्याबाबत स्वतंत्र इशारा द्यावा लागतो. कोकणातील पुळणीवर गाडी नेऊन ती रुतणे आणि भरतीच्या पाण्यात सापडणे हे वारंवार घडते. ओली वाळू वरून टणक दिसते, चाक थांबले की खचते. खाऱ्या पाण्याने विजेच्या तारा व ब्रेक यांची कायमची हानी होते. गोव्यात पर्यटन खात्याने २०२२ मध्ये किनाऱ्यावर वाहन नेण्यास व उघड्यावर स्वयंपाक करण्यास मनाई करणारा आदेश काढला. वाहन कितीही समर्थ असले तरी तेथे ते नेता येत नाही.

उंच प्रदेश, इंजिन आणि इंधन

खारदुंग ला (५,३५९ मी.) व उमलिंग ला (सुमारे ५,८०० मी.) यांसारख्या खिंडींत हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने साठ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची शक्ती साधारणपणे त्याच प्रमाणात घटते. दर हजार मीटरला सुमारे दहा टक्के घट, असा स्थूल हिशेब धरतात. टर्बो असलेले इंजिन ही तूट बऱ्याच अंशी भरून काढते. जड सामानासह जाणाऱ्याने हा फरक विचारात घ्यावा.

डिझेलचा पल्ला अधिक असतो आणि कमी वेगात त्याचे बळ चांगले. परंतु थंडीत त्यातील मेण गोठून फिल्टर तुंबतो. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे विशेष हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उपलब्ध केले; मैदानात टाकी भरून हिवाळ्यात वर जाणाऱ्याला मात्र त्याचा उपयोग नसतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या डिझेल गाड्यांत काजळीचा फिल्टर असतो. दीर्घकाळ संथ चालीने तो भरत जातो व स्वच्छ होण्यासाठी काही काळ सलग वेगाने गाडी चालवावी लागते. शिवाय या इंजिनांना अत्यल्प गंधक असलेले इंधनच लागते. जेथे ते मिळत नाही अशा देशांत जायचे असल्यास साधे पेट्रोल इंजिन अधिक निर्धोक.

इंधनटाकीचा पल्ला निघण्यापूर्वी कागदावर मांडावा. लाहौलमधील टांडी येथील पेट्रोलपंपावर ‘पुढील पंप ३६५ किमी’ असा फलक वर्षानुवर्षे लागलेला आहे. ४० लिटरची टाकी आणि खिंडींच्या चढावर लिटरला १० किमी असा वापर धरला तर पल्ला ४०० किमी होतो. सुरक्षिततेला ३५ किमीच राहतात. वाटेत त्सो कार सरोवराकडे वळायचे ठरवले की तेही संपतात.

वाहनांचे प्रकार

सर्वांत अधिक प्रवास होतो तो मोठ्या एसयूव्ही व जीप यांतून. त्यांचे गुणदोष वर येऊन गेले आहेत. पिकअपच्या हौद्यावर झाकण बसवून आत सामानाचे कप्पे करणे ही रचना ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेत रूढ असून भारतातही तिचा प्रसार होत आहे. मात्र मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपला योग्यता प्रमाणपत्र व निराळे कर लागू होतात.

चार-पाच माणसांच्या कुटुंबासाठी व्हॅन उत्तम. बजाज टेम्पोने १९८७ मध्ये आणलेली ‘ट्रॅव्हलर’ ही मर्सिडीज-बेंझच्या व्हॅनवर आधारित गाडी भारतातील बहुसंख्य कॅरव्हॅनचा पाया आहे. तिच्यात उभे राहता येते, पाण्याची टाकी व पलंग बसतात, आणि महाराष्ट्रापासून लडाखपर्यंत तिचे सुटे भाग जाणणारा मिस्त्री सापडतो. खडबडीत रस्त्यावर ती मागे पडते. लहान हॅचबॅक गाडी व मोटारसायकल यांनीही हा प्रवास करणारे पुष्कळ आहेत. दोन्हींत सामान कमी करण्याची सक्ती होते आणि ते बहुधा लाभाचेच ठरते. सैन्यातून निवृत्त झालेल्या ट्रकवर घर बांधण्याची युरोपीय पद्धत येथील अरुंद घाटांना मानवत नाही.

दुरुस्ती

प्रवासमार्गावर ज्या बनावटीची वाहने रोज धावतात, त्या बनावटीचे वाहन निवडावे. हा नियम जगभर लागू पडतो. आफ्रिकेत लँड क्रूझरला आणि भारतीय खेड्यांत बोलेरोला जी पसंती आहे तिचे मूळ सुट्या भागांच्या उपलब्धतेत आहे. क्लचप्लेट, पंख्याचा पट्टा, पाण्याचा पंप, चाकाचे बेअरिंग हे भाग तालुक्याच्या गावी मिळतात का, हे आधी पाहून घ्यावे. विद्युत-नियंत्रित यंत्रणा जितक्या अधिक, तितके गावातील गॅरेज निरुपयोगी. जुने वाहन घेताना रंगापेक्षा चासीवरील गंज व वेल्डिंगचे सांधे तपासावेत. किनारपट्टीत वापरलेल्या गाड्यांत हा गंज आतून असतो.

वाहनातील मुक्काम

आत झोपायचे असल्यास सपाट तळाची किमान १८० सेंमी लांबी मिळते का हे प्रत्यक्ष आडवे होऊन पाहावे. कारण आसने दुमडल्यावर मध्ये राहणारा उंचवटा मोजपट्टीत दिसत नाही. हवा खेळती राहण्यासाठी परस्परविरुद्ध बाजूंच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्यात व त्यांना जाळी लावावी.

बंद गाडीत कोळशाची शेगडी, गॅसची शेगडी किंवा सुरू ठेवलेले इंजिन यांपासून कार्बन मोनॉक्साइड वायूची विषबाधा होते. या वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. उंच प्रदेशात डोके दुखणे, मळमळणे ही विरळ हवेचीही लक्षणे असल्याने धोका ओळखणे अधिकच कठीण. ऊब हवी असल्यास चांगली निद्राथैली घ्यावी. इंधनावर चालणारा हीटर बसवायचा तर त्याचा धूर नळीने गाडीबाहेर गेला पाहिजे, आणि वायूची सूचना देणारे यंत्र तरीही आत असावे. स्वयंपाक बाहेर करावा. निव्वळ ब्यूटेनचे डबे शून्य अंशाच्या आसपास पेटेनासे होतात. प्रोपेनमिश्रित गॅस किंवा रॉकेलचा स्टो तेथे चालतो. सरचू येथे (सुमारे ४,३०० मी.) पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळत असल्याने डाळ शिजवायला प्रेशर कुकर लागतोच.

कायदा व कागदपत्रे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात उत्पादकाने ठरवलेली मूळ रचना बदलण्यास प्रतिबंध असल्याचे स्पष्ट केले. गाडी उंच करणे, फार मोठी चाके बसवणे, आसने काढून पलंग ठोकणे यांबाबत म्हणूनच आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी. पुढील लोखंडी बुलबारविरुद्ध केंद्र सरकारने २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे. एअरबॅगच्या कार्यात त्याचा अडथळा होतो आणि धडकेत पादचाऱ्यास गंभीर इजा होते. अनधिकृत बदल असलेल्या वाहनाचा विमादावा नाकारला जाण्याचा संभव असतो. घर म्हणून बांधलेल्या वाहनांसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून त्यात कॅरव्हॅन उभ्या करण्याच्या जागांचाही विचार आहे.

नेपाळमध्ये भारतीय वाहनाला सीमेवर ‘भन्सार’ शुल्क भरून प्रवेश मिळतो. इराणसारख्या देशांत मात्र ‘कार्ने’ हे सीमाशुल्काचे दस्तऐवज लागते. वाहन परत नेले जाईल याची ती हमी असते आणि तिच्यासाठी वाहनाच्या किमतीच्या प्रमाणात अनामत रक्कम अथवा बँकेची हमी द्यावी लागते. नव्या, महागड्या गाडीसाठी ही रक्कम अनेक लाखांत जाते. खंडोखंडी प्रवास करणारे अनुभवी लोक बरेचदा दहा-पंधरा वर्षे जुनी, सुस्थितीतील गाडी घेऊन निघतात, त्यामागे हेही एक कारण आहे.